प्रति: पदवी प्रमाणपत्राची रखडपट्टी

पदवी प्रमाणपत्रं वेळेत मिळत नाहीत, या चर्चेत ‘अर्ज ऑनलाइन केले की प्रश्न मिटला’ असं कुणीतरी म्हटलंय, ते अर्धंच खरं. शिवाजी विद्यापीठाकडे कोल्हापूर, सांगली, सातारा असे तीन जिल्हे. जत किंवा चंदगडच्या पोराचा हेलपाटा ऑनलाइनमुळे वाचतो, मान्य. पण फाइल अडते ती बहुधा नावापाशी. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. इंग्रजी स्पेलिंगवरून मशीननं केलेलं मराठी नाव तर देवाच्या भरवशावर, ‘ऋतुजा’ची ‘रुतुजा’ होते. हे तपासायचं पहिल्या सत्राचा परीक्षा अर्ज भरतानाच: दोन्ही लिप्यांतलं नाव छापून विद्यार्थ्याची सही घ्यायची. पदवी छापल्यावर दुरुस्ती म्हणजे प्रतिज्ञापत्र, राजपत्र, पुन्हा छपाई.

दुसरं, महाराष्ट्राच्या लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 या कायद्याचा विषय कुणी काढलाच नाही. सेवा अधिसूचित, म्हणजे या कायद्याखाली जाहीर केलेली असेल तर मुदत बंधनकारक, चुकल्यास अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड. गोम अशी की मुदत मोजतात परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. त्रुटीचं पत्र शेवटच्या दिवशी निघालं की सगळं मुसळ केरात! म्हणून छाननी अर्ज घेतानाच व्हावी, आणि विद्यार्थ्यानं तारखेची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.