शब्दचर्चा: ‘तुमची खरेदी’, ‘समर्थित नाही’ आणि ‘बेमुदत’

मूळ प्रश्न

ई-पुस्तकांच्या एका ॲपमधल्या सूचना मराठीत लिहिण्याचं काम करते आहे. काही जुनी उपकरणं आता बाद होणार आहेत आणि वाचकांना तशी सूचना जायची आहे. हातात आलेला कच्चा मसुदा असा: ‘तुमचे डिव्हाइस यापुढे समर्थित नाही. तुम्ही तुमच्या खरेद्यांमध्ये अन्य डिव्हाइसवरून प्रवेश करू शकता.’ शब्द ओळखीचे आहेत, पण असं मराठी कोणी बोलत नाही. ‘समर्थित’, ‘खरेदी’, ‘प्रवेश’ या तिन्हींचं काय करावं? मला खरी टोचणी ‘खरेदी’ची आहे. पुस्तक उघडणं न उघडणं शेवटी कंपनीच्या हातात असेल, तर वाचकाला ‘तुमची खरेदी’ असं लिहिणं खरं ठरतं का?

प्रतिसाद १

‘प्रवेश’ आधी काढा. पुस्तक वाचता येतं, गाणं ऐकता येतं, खेळ खेळता येतो. ज्या वस्तूचं जे क्रियापद असेल ते वापरलं, की ॲक्सेसला प्रतिशब्द शोधत बसावं लागत नाही. ‘पुस्तकं दुसऱ्या फोनवर वाचता येतील’ एवढं पुरे.

‘समर्थित’ही जाऊ द्या. समर्थन मताचं करतात, मागणीचं करतात, उमेदवाराचं करतात. बोलताना आपण ‘या फोनचा सपोर्ट गेला’ म्हणतो आणि ते सगळ्यांना कळतं, म्हणून ‘सपोर्ट’ ठेवायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्या शब्दावर वाक्य संपवून टाकण्याला. कारण ‘सपोर्ट बंद’ या दोन शब्दांखाली फार वेगवेगळ्या गोष्टी खपवल्या जातात.

निन्टेन्डोनं ३डीएस आणि वी यू या व्हिडिओ गेमच्या यंत्रांवरचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ला बंद केलं. नवं काही घेता येईना, पण आधी घेतलेले खेळ पुन्हा उतरवून घेण्याची सोय ठेवली. ॲमेझॉननं ऑगस्ट २०२२मध्ये काही जुन्या किंडलवरून थेट पुस्तकं घेणं बंद केलं, पण आधीची पुस्तकं वाचता येत होती. हा एक प्रकार. ॲपलच्या फोनमधल्या आयओएस ११ या प्रणालीत, २०१७ साली, ‘३२ बिट’ या जुन्या पद्धतीनं बनवलेली ॲप उघडेनाशी झाली. फोन तोच, पैसे मोजून घेतलेलं ॲप तेच, पण ते बनवणाऱ्यानं नवी आवृत्ती काढली नसेल तर सगळं ठप्प. हा निराळाच प्रकार.

कधी कधी तर कोणी काही बंद न करताही दार बंद होतं. सर्व्हरची ओळख पटवण्यासाठी यंत्रात विश्वासार्ह मूळ प्रमाणपत्रांची यादी भरलेली असते आणि प्रत्येक प्रमाणपत्राला मुदत असते. संकेतस्थळांना फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रं ज्याच्या भरवशावर चालत होती, असं एक जुनं मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ला संपलं. ज्या जुन्या फोनना आणि संगणकांना नवी यादी मिळाली नव्हती, त्यांतले बरेच काही संकेतस्थळांशी बोलेनासे झाले. पडदा चांगला, बॅटरी चांगली, इंटरनेट चालू. तरी ‘जोडणी सुरक्षित नाही’ एवढंच दिसतं. वापरणाऱ्याला वाटतं फोन बिघडला.

तेव्हा ‘समर्थित नाही’ लिहून हात झटकू नका. नवं घेता येणार नाही? घेतलेलं पुन्हा उतरवता येणार नाही? आधी उतरवलेलंही उघडणार नाही? यांतलं जे होणार असेल ते आणि त्याची तारीख लिहा.

प्रतिसाद २

‘खरेदी’बद्दलची टोचणी अगदी रास्त आहे. शब्दाचा हा घोळ एका राज्याच्या कायद्यापर्यंत जाऊन पोचला आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून लागू झालेल्या कायद्यानं विक्रेत्यांना बजावलं, की डिजिटल वस्तू दाखवताना ‘विकत घ्या’ अशा अर्थाचे शब्द वापरायचे असतील, तर ग्राहकाला फक्त परवाना मिळतो आहे हे स्पष्ट सांगा. जी फाइल कायमची उतरवून घेता येते आणि इंटरनेटशिवायही चालते, तिला यातून सूट आहे. तो लागू होण्याआधीच, ऑक्टोबर २०२४मध्ये, स्टीम या खेळांच्या दुकानानं पैसे भरण्याच्या जागी ‘तुम्हाला परवाना मिळतो’ अशा अर्थाची ओळ दाखवायला सुरुवात केली.

युरोपीय संघाच्या न्यायालयानं तर या प्रश्नाची दोन टोकं दाखवली. पैसे घेऊन, काळाची मर्यादा न घालता दिलेलं सॉफ्टवेअर म्हणजे विक्रीच, तेव्हा ते पुढे विकताही येईल, असं २०१२मध्ये सांगितलं. २०१९मध्ये ई-पुस्तकांबाबत मात्र वापरलेली प्रत हक्कदाराच्या परवानगीशिवाय पुढे विकता येणार नाही असं ठरवलं. म्हणजे ‘विकत घेतलं’ हे क्रियापद एकाच न्यायालयात सॉफ्टवेअरला लागू पडलं आणि पुस्तकाला पडलं नाही.

मराठीत आपण मालकी आणि ताबा असा भेद करतो. वस्तू माझी पण ताबा दुसऱ्याकडे, किंवा ताबा माझा पण मालक दुसरा, या दोन्ही गोष्टी आपल्याला लगेच समजतात. ‘ताबा’ आणि ‘ताबेदार’ एकाच घरातले. ताब्यातली वस्तू आपलं ऐकते. ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ बघा. तो डिस्कवरही मिळत होता. युबिसॉफ्टनं ३१ मार्च २०२४ला त्याचे सर्व्हर बंद केले आणि सर्व्हरशिवाय तो चालतच नसल्यानं कपाटातली डिस्कही निरुपयोगी झाली. मालकी नव्हतीच, पण ताबासुद्धा नव्हता हे लोकांना दहा वर्षांनी कळलं, कारण खेळ आला होता २०१४मध्ये. संताप होणारच. ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम त्यातूनच उभी राहिली आणि युरोपीय संघातल्या तिच्या अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या.

म्हणून मी ‘खरेदी’ लिहिणार नाही. ‘परवाना’ लिहीन.

प्रतिसाद ३

जरा जास्तच होतंय असं नाही वाटत? आपण नाटकाचं तिकीट ‘विकत घेतो’. नाट्यगृह आपलं झालं असं कोणी समजत नाही. भाषा वापरानं ठरते. लाखो लोक ‘ॲप विकत घेतलं’ म्हणतात, म्हणजे तो अर्थ रूढ झाला. ‘परवाना घ्या’ असं बटण दिसलं तर निम्मे लोक बंदूक आठवतील.

प्रतिसाद २ लिहिणाऱ्याकडून

तिकिटावर तारीख आणि वेळ छापलेली असते हो. आपण काय घेतोय आणि ते केव्हा संपणार, हे पैसे देतानाच कळतं. ई-पुस्तकावर अशी कुठलीच तारीख नसते आणि तारीख नाही म्हणून माणूस ‘कायमचं’ असं धरून चालतो. फसगत होते ती इथे.

याला मराठीत अचूक शब्द आहे: बेमुदत. बेमुदत संप म्हणजे कधीच न मिटणारा संप नव्हे. बेमुदत उपोषण, बेमुदत बंद, सगळीकडे अर्थ एकच: शेवट ठरवलेला नाही, पण तो कधीही येऊ शकतो. बेमुदत आणि कायमचा यांतला हा फरक वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. डिजिटल दुकानातून आपण जे घेतो ते बहुतेक वेळा बेमुदत असतं. मायक्रोसॉफ्टनं २०१९च्या एप्रिलमध्ये ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं आणि जुलैपासून घेतलेली पुस्तकं उघडेनात. पैसे परत दिले हे मान्य. ज्यांनी पुस्तकांत खुणा आणि टिपणं केली होती त्यांना २५ डॉलर जास्तही दिले. पण समासात लिहिलेली टिपणं गेली ती गेलीच. ज्यानं ‘माझं पुस्तक’ समजून ओळींखाली रेघा ओढल्या, त्याला ‘बेमुदत’ हा शब्द घेतानाच दिसला असता, तर निदान टिपणं त्यानं वेगळी उतरवून ठेवली असती.

बटणावर ‘परवाना’ नको हे मात्र पटलं. तिथे नुसतं ‘घ्या’ चालेल. घेणं विकत असतं, भाड्यानं असतं, उसनंही असतं. ते क्रियापद खोटं बोलत नाही. त्याच्याखाली, त्याच आकाराच्या अक्षरांत: ‘वाचण्याचा बेमुदत परवाना’.

प्रतिसाद ४

‘बेमुदत’ आवडला. मात्र ज्या दुकानांतून कुलूप नसलेली फाइल मिळते, त्यांना तो लावू नका. आयट्यून्स या ॲपलच्या दुकानातली गाणी २००९पासून कुलपाविना मिळू लागली, जीओजी या दुकानातले खेळ तसेच मिळतात. ती फाइल स्वतःकडे जपून ठेवली तर दुकान बुडालं तरी चालते. तिथे ‘विकत घेतलं’ म्हणायला माझी ना नाही.

मूळ प्रश्न विचारणारीकडून

सगळ्यांचे आभार. तांत्रिक विभागाला विचारलं: ॲप या उपकरणांवर उघडेल, उतरवलेली पुस्तकं वाचता येतील, पण नवीन काही उतरणार नाही आणि ॲप काढून पुन्हा घातलं तर सगळं जाईल. नवा मसुदा:

‘या उपकरणावर (तारीख)पासून नवीन पुस्तकं घेता किंवा उतरवता येणार नाहीत. आधी उतरवलेली पुस्तकं इथे वाचता येतील. मात्र ॲप काढून टाकलं तर ती परत मिळणार नाहीत. तुम्ही घेतलेली सर्व पुस्तकं याच खात्यानं दुसऱ्या उपकरणावर वाचता येतील.’

‘तुमच्या खरेद्या’ची ‘तुम्ही घेतलेली पुस्तकं’ झाली आहेत. ‘उतरवलेली’ आणि ‘डाउनलोड केलेली’ यांत अडकले आहे.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्याकडून

‘डाउनलोड केलेली’ ठेवा. ॲपमधल्या बटणावर तोच शब्द आहे आणि लोक तोच शोधणार. ‘मात्र’पासूनचं वाक्य सगळ्यात वर घ्या. ॲप अडलं की काढून पुन्हा घालायची सवय बहुतेकांना असते, आणि नेमकं तेच इथे करून चालणार नाही.