प्रश्न करापेक्षा नळाचा आहे

आयर्लंडमधल्या पबात क्राफ्ट बिअर, म्हणजे लहान ब्रुअरींनी (बिअर कारखान्यांनी) बनवलेली बिअर, महाग पडते ती करामुळे, हे मत मला अपुरे वाटते. तिथे बिअरवरचे उत्पादन शुल्क हेक्टोलिटरमागे (१०० लिटरमागे) मद्यार्काच्या दर टक्क्याला २२.५५ युरो आहे, म्हणजे ४.३ टक्क्यांच्या एका पिंटमागे (सुमारे ५६८ मिलिलिटरच्या ग्लासामागे) साधारण ५५ सेंट, आणि लहान ब्रुअरींना त्यातही निम्मी सूट मिळते. खरी अडचण पबच्या काउंटरवरच्या, बिअर ओतायच्या नळाशी आहे. तिथले पब इंग्लंडमधल्यासारखे ब्रुअरीशी कराराने बांधलेले सहसा नसतात, तरीही नळ बसवणे, शीतयंत्रणा सांभाळणे, नळ्या साफ करणे ही कामे मोठ्या कंपन्याच करून देत असल्यामुळे काउंटरवरची जागा आपसूक त्यांच्याकडे जाते आणि लहान ब्रुअरीच्या वाट्याला फ्रिजमधला एखादा कप्पा उरतो.

दर्जाचे दुखणेही इथूनच सुरू होते. ३० लिटरच्या केगमधून (बिअरच्या पिंपातून) पन्नासेक पिंट निघतात. गावाकडच्या पबात तेवढेही लवकर खपले नाहीत तर बिअरचा ताजेपणा जातो. त्यात नळी नीट धुतलेली नसेल तर लोण्यासारखा वास आणि आंबूस चव येते, आणि दोष मात्र बिचाऱ्या ब्रुअरीच्या माथी बसतो. पोर्टरहाउस या लहान ब्रुअरीने १९९६ मध्ये डब्लिनच्या टेम्पल बार भागात स्वतःच्याच पबात बिअर बनवून विकायला सुरुवात केली, ती वाट मला म्हणूनच मोलाची वाटते, कारण तिथे केगपासून ग्लासापर्यंतची जबाबदारी एकाच हातात राहते.