राजगड–तोरणा–रायगड मार्चमध्ये: मधल्या टप्प्यात पाणी कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण राजगड–तोरणा–रायगड करतोय. खरं तर हा डिसेंबर-जानेवारीचा ट्रेक. पण एकाची परीक्षा, दुसऱ्याच्या घरचं लग्न, असं करता करता उन्हाळा तोंडावर आला. त्यात गेल्या वर्षी पावसाने दगा दिला. २०२३ चा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. त्यामुळे जुन्या ट्रेकवर्णनांतल्या 'इथे बारमाही पाणी' या वाक्यावर यंदा विसंबायची हिंमत होत नाही.

राजगडावर पद्मावती माचीला आणि तोरण्यावर मेंगाई देवीच्या देवळाजवळ टाकी आहेत, तिथे निभेल असं धरलंय. अडचण मधली आहे.

राजगडाच्या आळू दरवाज्यातून उतरल्यापासून तोरण्याच्या बुधला माचीपर्यंतची सोंड (दोन्ही गडांना जोडणारी डोंगराची लांब धार) उघडी, सावली जवळजवळ नाहीच. वाटेतल्या धनगरांच्या घरी ताक मिळतं असं ऐकलंय, पण मार्चमध्ये ती माणसं तिथेच असतात की गुरं घेऊन पाण्याकडे सरकतात? तोरण्याच्या पुढे हारपूड गावावरून मोहरी गाव, मग बोराट्याची नाळ, म्हणजे कोकणात उतरणारी दगडधोंड्यांची अरुंद घळ. उपग्रहाच्या नकाशावर तळी छान निळी दिसतात, पण तो फोटो कुठल्या महिन्यातला कोण जाणे!

'गावात मागा, कोणी नाही म्हणत नाही,' असं सगळे सांगतात. खरंच आहे, नाही म्हणत नाहीत. म्हणूनच तर मागवत नाही. जिने लांबून डोक्यावर हंडे आणलेत, तिच्या दारात पाच जणांनी बाटल्या पुढे करायच्या?

यंदा फेब्रुवारीत कोणी या वाटेने गेलं असेल तर कृपया तारखेसकट लिहा.

कातळटाकं (प्रतिसाद):
सोंडेवर पाणी नाहीच असं धरून चला. माणशी पाच लिटर घेऊन उजाडायच्या आत आळू दरवाजा सोडा. ताक मिळालं तर बोनस. पाच किलो ओझं वाढतं, पण दुपारपर्यंत ते पोटात जातं, कुरकुर करू नका. गडावर उघडं टाकं आधी आटतं. खांबटाक्यात (कातळात आत खोदलेलं, खांबांवर छत असलेलं टाकं) ऊन पोचत नाही, तिथलं पाणी जास्त टिकतं, म्हणून आधी ते बघा. पाणी आधी फडक्याने गाळा, मग उकळा. क्लोरीनचे थेंब वापरणार असाल तरी गाळणं चुकवू नका, गढूळ पाण्यात ते धड काम करत नाहीत. थेंब टाकल्यावर अर्धा तास थांबा. आणि टाक्यात पाय बुडवून फोटो काढणारा कोणी गटात असेल तर त्याला घरीच ठेवा.

वेल्ह्याचा पाहुणा (प्रतिसाद):
मोहरीपर्यंत गाडी जाते हो! रस्ता खडबडीत आहे, पण जीप पोचते. वेल्ह्यातून वीस लिटरचे दोन जार आदल्या दिवशीच मुक्कामाच्या घरी पोचते करा. जेवणाचे पैसे देताना मागे-पुढे पाहू नका, उरलेलं पाणी त्या घरालाच ठेवा. नाळेत पाण्याची आशा नको. ती पश्चिमेला उतरते, सकाळी सावली असते, तेव्हाच उतरून घ्या. खाली काळ नदीत एखादा डोह दिसेलही, पण गुरं त्यातच बसलेली असतात. नाळेखालच्या पाने गावात पोचेपर्यंत पुरेल इतकं पाणी मोहरीतूनच भरून घ्या.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. जारचं नक्की करतो. राजगड-तोरण्याच्या मध्ये सोंडेला डांबरी रस्ता आडवा जातो ना, तिथेही त्याच जीपने एक जार मागवता येईल का? सकाळी नऊच्या सुमारास आम्ही तिथे असू. वेल्ह्याचे पाहुणे, जीपवाल्याचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करता का?