पाऊस वाढला म्हणजे माळावर चारा वाढेल?

नान्नजचा नाना
परवा एका लग्नात पुण्याच्या पाहुण्यांनी ऐकवलं, "वीस वर्षांत तुमच्या सोलापूरच्या माळावर गवताची काडी उरणार नाही, हवामान बदलतंय." मला पटलं नाही. आमच्या गवताला दोनच गोष्टी कमी पडतात, पाणी आणि पाणी. पुढच्या काळात मॉन्सूनचा पाऊस वाढेल असं बहुतेक हवामान प्रारूपं सांगतात. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की पानांची रंध्रं कमी उघडतात, पाणी कमी उडतं, म्हणजे तेवढ्याच ओलीवर गवत जास्त दिवस तग धरतं. २०१९ साली नासाच्या उपग्रहांवरून निघालेला अभ्यास तर म्हणतो, जगात हिरवाई वाढवण्यात चीन आणि भारत सगळ्यांत पुढे. मग रडायचं कशाला? माळाला धोका प्लॉटिंगचा आहे, हवामानाचा नाही.

कुसळ
नाना, तो अभ्यास पुरता वाचा. भारतातल्या त्या वाढीपैकी ८२ टक्के वाढ शेतातली आहे. बोअर, खत, वर्षाला दोन-दोन पिकं. उसाचा फडही उपग्रहाला हिरवाच दिसतो.

आणि पाऊस किती पडला यापेक्षा कसा पडला ते बघा. अमेरिकेत कॅन्ससमधल्या कोन्झा प्रेअरी या गवताळ माळावर छपरं उभारली, पावसाचं पाणी साठवलं आणि तेवढंच पाणी मोठ्या पण मोजक्या सरींत दिलं. एकूण पाण्यात फरक नाही, मधले खंड फक्त लांबवले. २००२ साली निकाल छापून आला, जमिनीवरची वाढ सुमारे १० टक्क्यांनी घटली होती. आपल्याकडे हा प्रयोग आभाळच करतंय. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी कोल यांच्या गटाने २०१७ साली दाखवलं की १९५० ते २०१५ दरम्यान मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. आणि २०२३ चा ऑगस्ट विसरलात? १९०१ पासूनचा देशातला सगळ्यांत कोरडा ऑगस्ट होता तो.

नान्नजचा नाना
आता तुम्ही अर्धवट सांगताय. कोन्झात वर्षाला आठशेच्या वर मिलिमीटर पाऊस. तसाच प्रयोग कोलोरॅडोच्या कोरड्या भागातल्या खुरट्या गवतावर केला, तेव्हा निकाल उलटा आला, गवत वाढलं! बारीक सर वरच्या बोटभर मातीत अडकते आणि दुपारपर्यंत उडून जाते. मोठी सर खोल मुरते. सांगा, आमचा माळ कोन्झाच्या जवळचा की कोलोरॅडोच्या?

कुसळ
हा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण मुरायला माती पाहिजे ना. तुमच्या माळावर वीतभर माती, खाली मुरूम. मोठा पाऊस पडला की पाणी तासाभरात ओढ्याला लागतं आणि जाताना ती वीतही खरवडून नेतं. काळ्या रानालगतच्या सखल पट्टीत तुमचं गणित चालेल, टेकाडावर नाही.

शंकासुर
कार्बन डायऑक्साइडबद्दल दोघांनाही चिमटा. आपल्या माळावरची पवन्या, कुसळी, मारवेल ही ज्वारी-उसाच्या गटातली, म्हणजे सी-४ गवतं. यांना जादा कार्बन डायऑक्साइडचा फारसा फायदा नाही, फायदा गहू-भाताच्या सी-३ गटाला, असं पुस्तकात शिकवतात. मिनेसोटात सीडर क्रीकला यावर २० वर्षं प्रयोग चालला. पहिली १२ वर्षं पुस्तकाप्रमाणेच झालं. पुढची आठ वर्षं नेमकं उलट! सी-४ गवतं वाढली, सी-३ ना काही मिळेना. त्या काळात जमिनीतल्या नायट्रोजनचा पुरवठाही सी-४ च्या बाजूने झुकला होता. तीन वर्षांच्या प्रयोगावर पैज लावणाऱ्यांनी जपून.

सातबारा
छान. सगळे अमेरिकेत भांडताय. इथे माळ म्हणजे दप्तरात पडीक जमीन. कोणीही यावं, चर खणावेत, गिरिपुष्पाची झाडं लावावीत आणि फोटो काढावा. सावलीत गवत मेलं की दोष हवामानाला.

नान्नजचा नाना
+१. हेच म्हणत होतो मी.

मेंढरूवाला
आम्ही फलटणकडचे. दिवाळीनंतर आमचा मेंढरांचा वाडा कोकणात उतरतो. तुम्ही सगळे वजन मोजताय. मेंढरू वजन खात नाही, कोवळं खातं.

२०२५ ला मे महिन्यातच पाऊस आला. आमचे आबा खूश, गवत मृगाच्या आधी वर. पण मग लवकर निसवलं, लवकर दाठरलं. कुसळीला कुसळं धरली की ती लोकरीत घुसतात, तोंडात टोचतात, कोकरांच्या डोळ्यात जातात. माळ गुडघाभर पिवळा आणि मेंढरं उपाशी, असं बघितलंय का कुणी? तुमच्या हिशेबात ते भरघोस वर्ष. वर मारवेल चरून चरून संपतो आणि कुसळी उरते, कारण तिला कुणी तोंड लावत नाही. नाना, प्लॉटिंगचं तुमचं खरंय. पण चारा वाढला असं म्हणू नका, काडी वाढली म्हणा.

कुसळ
(माझ्या आयडीची बदनामी थांबवा.) बाकी शंभर टक्के सहमत. एकूण वाढ आणि कामाचा चारा या दोन वेगळ्या गोष्टी, हे मीच आधी लिहायला हवं होतं.

नान्नजचा नाना
मेंढरूवाले, तुमचं ऐकून थोडा गप्प झालोय, पण हरलो नाही. आमच्या बांधालगत माळाचा एक तुकडा आहे. यंदा टेकाडावर दोन आणि सखलात दोन अशा एक-एक मीटरच्या चौकटी कुंपण घालून राखतो. पोळ्याला एकदा आणि दसऱ्याला एकदा कापून तोलतो. जातीनुसार वेगळं करून. आकडे इथेच टाकीन.

मेंढरूवाला
ओलं तोलू नका. चांगलं वाळवून तोला. नाहीतर पाऊसच तोलाल.