कला आणि पर्यावरण एकत्र? बर्लिनचं उफाफाब्रिक बघा

वर कोणीतरी लिहिलंय की नाटक-गाणं आणि कंपोस्ट-सोलर एका जागेत आणलं की दोन्हीचा बट्ट्याबोळ, अनुदान संपलं की कुलूप. होतं असं, पण दरवेळी नाही हो.

मी बर्लिनला होतो तेव्हा टेम्पलहोफ भागातल्या उफाफाब्रिक या सांस्कृतिक केंद्राला बऱ्याचदा जायचो. पूर्वी तिथे उफा या फिल्म कंपनीची सिनेमाच्या कॉप्या काढायची लॅब होती, बंद पडली, पाडायची वेळ आलेली, मग जून १९७९ मध्ये काही तरुण मंडळी सरळ आत घुसून राहायलाच लागली (मारामारी न करता बरं का) आणि नंतर रीतसर भाडेकरार झाला. आज तिथे थिएटर आहे, पोरांची सर्कस शाळा, ब्राझीलच्या सांबा संगीताचे ढोल, बेकरी, पोरांसाठी छोटं फार्म.

मला सगळ्यात भारी वाटलं ते छप्पर. वर माती घालून गवत वाढवलंय आणि त्यातच सोलर पॅनल, खालचं गवत गार राहतं म्हणून पॅनल पण कमी तापतात. पावसाचं पाणी जुन्या जमिनीखालच्या टाक्यांत साठवून, गाळून संडासात नि बागेला. म्हणजे नाटकाच्या मध्यंतरात तुम्ही फ्लश ओढता तो पाऊसच!

आणि पैशाचं म्हणाल तर तिकीट, कॅफे, बेकरी, क्लासेसची फी अशी बरीच दारं उघडी ठेवलीत, नुसत्या सरकारी चेकची वाट बघत बसले नाहीत. आमच्या सोसायटीत साधा गांडूळखताचा पिंप ठेवायला दोन मीटिंगा झाल्या, अजून ठरलं नाहीये.