बाबांची चॉपर: आहे तशी ठेवायची, की पुन्हा बुलेट करायची?

होटगीरोडकर (धागाकर्ता)

मंडळी, मत हवंय आणि स्पष्ट हवंय. घरात यावरून दोन महिने वाद चाललाय.

आमच्याकडे 1962 ची बुलेट आहे, 350. इंजिन आणि कागद बुलेटचे, बाकी सगळी चॉपर, म्हणजे कापून-वाढवून लांबट केलेली मोटारसायकल. बाबांनी 1978 साली ती करून घेतली. मिलच्या मशीन शॉपमधले एक फिटर बाबांचे जिवलग होते, आम्ही त्यांना मिस्त्रीकाका म्हणायचो. बाबांनी कुठल्याशा परदेशी मासिकातलं एक पान फाडून आणलं होतं. त्या एका चित्रावरून काकांनी चेसिसची मान (हँडल आणि फोर्क बसतो तो पुढचा भाग) कापून मागे कलवली, पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचे पाइप लेथवर नव्याने काढून वीतभर लांब केले, मागे छातीएवढी उंच पाठ उभी केली. मडगार्ड निम्मे कापले. टाकीवर पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने मोर काढला, आपल्या सोलापुरी चादरीवर असतो तसा. पिसाऱ्यातलं उजवीकडचं शेवटचं पीस अर्धंच आहे. बाबा गाडी न्यायला गेले तेव्हा पेंटर म्हणाला, उद्या पुरं करतो. बाबांना धीर धरवला नाही. ते पीस सेहेचाळीस वर्षं अर्धंच राहिलं.

बाबा जाऊन दोन वर्षं झाली. गाडी 2009 पासून ओसरीत ताडपत्रीखाली उभी आहे, आरसीही (नोंदणीचा कागद) तेव्हापासून रिन्यू नाही. धाकटा भाऊ म्हणतो, पूर्ण रिस्टोर करून कंपनीतून निघाली तशी बुलेट करू. मी म्हणतो, हात लावायचा नाही. सांगा.

बुलेट_तेरा

तुमचा भाऊ बरोबर आहे. कडू वाटेल, तरी सांगतो.

1962 ची मद्रासची बुलेट म्हणजे 70 बाय 90 मिलिमीटरचा बोअर-स्ट्रोक (सिलेंडरची रुंदी आणि पिस्टनची चाल), 346 सीसी, ओतीव लोखंडी सिलेंडर, उजव्या पायाला गिअर, हेडलाइटच्या दोन्ही बाजूंना डोळ्यांसारखे ते छोटे पायलट लॅम्प. हे इंजिन थोड्याफार फरकाने पुढे जवळपास पन्नास वर्षं बनत राहिलं, त्यामुळे सामान आजही मिळतं. म्हणजे गाडी परत आणता येते. आणता येत असताना न आणणं मला पटत नाही.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरचे तपशील कंपनीने मूळ दिलेल्याहून वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज नोंदणी दिली, पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल नको. तुमची गाडी वयाने बसते, रूपाने नाही. मूळ रूपात आणलीत तर दहा वर्षांची नोंदणी मिळू शकेल, रॅलीत नेता येईल. आत्ता ती ओसरीबाहेर काढायलाच भीती.

जुनीमिल

बुलेट_तेरा, कायद्याचं सगळं मान्य. पण "मूळ रूप" हा शब्द तुम्ही फार घाईने वापरलात.

कंपनीने केलेल्या बुलेट हजारो आहेत, चांगल्या ठेवलेल्याही पुष्कळ. मिलच्या लेथवर फोर्क काढून घेतलेली चॉपर सोलापुरात किती उरल्यात? माझे वडील मिलमध्ये जॉबर (मुकादम) होते. मशीन शॉपमधली ती माणसं आठवा. इंग्लंडहून आलेल्या मागाचा मोडलेला दात ती इथं ओतून, घासून बसवायची आणि माग दुसऱ्या पाळीला चालू. मिल बंद झाल्या, यंत्रं भंगारात गेली, जागा विकल्या. त्या हातांचं काम आता बघायचं कुठं? ते ह्या गाडीच्या मानेत आहे.

अमेरिकेतही हेच झालं. 1969 च्या एका हॉलिवूड सिनेमातल्या हार्ले चॉपर जगभर गाजल्या. त्या बांधणारे क्लिफ व्हॉज आणि बेन हार्डी हे कृष्णवर्णीय कारागीर होते. त्यांची नावं लोकांना कळायला कित्येक दशकं गेली. आपल्या मिस्त्रीकाकांचं नाव तर कुठंच नाही. ही गाडी खोललीत की ते कायमचं गेलं.

सातरस्ता

दोघंपण चुकालाव बे. गाडी फिरवायला असते. पुढं डिस्क ब्रेक टाका, बारा व्होल्टचं वायरिंग करा, ट्यूबलेस बसवा आणि पहाटे अक्कलकोटला दर्शनाला जाऊन या. बापाची गाडी ताडपत्रीखाली ठेवून काय मिळणार? आमच्या चुलत्याची राजदूत अशीच जपून जपून गंजली. शेवटी पत्रा हातानं तुटत होता.

कारखाना_फिटर

मी साखर कारखान्यात मेंटेनन्सला आहे. डिस्क, मोर, नोंदणी, सगळं नंतर. आधी मान बघा.

मान मागे कलवली की ट्रेल वाढतो, म्हणजे मानेची रेषा जमिनीला मिळते तिथून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर. सरळ रस्त्यावर गाडी रेषेत जाते, पण गर्दीत हळू चालवताना चाक आपोआप एका बाजूला पडायला बघतं. त्यात फोर्क लांब, म्हणजे तरफ लांब. विजापूर रोडच्या एका खड्ड्याचा दणका साध्या बुलेटच्या मानेला जेवढा बसतो, त्याहून कितीतरी जास्त तुमच्या जोडाला बसतो. डिस्क टाकली तर ब्रेक दाबताना तोच जोड आणखी ताणला जाणार. सातरस्ता, तुमचा सल्ला मनापासून आहे, पण ह्या मानेवर डिस्क म्हणजे जिवाशी खेळ.

डाय पेनिट्रंट चाचणी करा, तीत डोळ्यांना न दिसणारा तडा रंगाने दिसतो. ऑफ सीझनला आम्ही रोलरच्या शाफ्टवर करतो. जोडावरचा रंग काढायचा, स्वच्छ पुसायचं, लाल डाय मारून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, वरची डाय पुसून पांढरा डेव्हलपर मारायचा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. तीन डबे लागतात, खर्च फार नाही.

भवानीपेठ

मी मुलगी म्हणून लिहिते. आमच्या अप्पांची येझदी होती. ते गेल्यावर मी हौसेने रिस्टोर करून घेतली, पावडर कोटिंग, नवं क्रोम, नव्या पट्ट्या. गाडी आली तेव्हा सगळे वाहवा करत होते. मी टाकीवर डावीकडे हात फिरवला. लहानपणी मी पुढे बसायचे, माझ्या दप्तराच्या बकलाने तिथं बोटभर ओरखडा पडला होता. अप्पा त्यावर कधी रागावले नाहीत. तो ओरखडा पुटी भरून, घासून गुळगुळीत झाला होता. गॅरेजवाल्याचा दोष नाही, त्याला मी सांगितलंच नव्हतं.

गाडी आजही सुंदर दिसते. मी ती चालवत नाही. तुमचं ते अर्धं पीस कुणाला पुरं करू देऊ नका.

बुलेट_तेरा

ताई, वाचून वाईट वाटलं. पण त्याचा अर्थ रिस्टोर करू नये असा होत नाही, आधी नीट बघून सांगावं असा होतो. टाकी आहे तशी काढून घरात ठेवता येईल आणि गाडीवर दुसरी बसवता येईल. लांब फोर्कही जपून ठेवा. बुलेट बुलेट होईल आणि काकांचं कामही राहील.

जुनीमिल

भिंतीवर टांगलेला फोर्क म्हणजे काकांचं काम नव्हे. तो कोन, ती उंची, टाकीचा तो उतार, हे सगळं मिळून त्यांचं काम आहे.

होटगीरोडकर

चाचणी केली. कारखाना_फिटर स्वतः डबे घेऊन घरी आले, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे.

चेसिस नंबर शाबूत आहे. काकांनी बरोबर त्याच्या खालून काप घेतला होता. डेव्हलपर वाळत आला तसं भाऊ आणि मी खाली वाकून बघत होतो. आधी काहीच नाही. मग खालच्या जोडाच्या उजव्या कडेला केसाएवढी गुलाबी रेघ, ती लाल होत गेली, साधारण पेरभर लांब. भाऊ काही बोलला नाही. मी पंधरावीस वर्षं बाबांच्या मागे बसून ह्याच गाडीवर गड्ड्याच्या जत्रेला गेलोय.

आणखी एक अडचण. जोड पितळेचा आहे.

कारखाना_फिटर

ह्याचा अर्थ सगळ्यांना कळावा म्हणून सांगतो. पितळेच्या जोडावर वरून वेल्डिंग चालत नाही, पितळ वितळून स्टीलमध्ये शिरतं आणि जोड आणखी ठिसूळ होतो. रेघेवर वेल्डिंगचा मणी मारून भागणार नाही. सगळं पितळ घासून काढावं लागेल, उघडं स्टील दिसेपर्यंत. मग नवी वेल्डिंग आणि आतून स्लीव्ह (आधाराची नळी). म्हणजे चालवायची असेल तर काकांचा जोड जाणार. ठेवायचा असेल तर गाडी पुन्हा रस्त्यावर न्यायची नाही. मधला रस्ता नाही.

जुनीमिल

मग चालवू नका. तडा तसाच राहू द्या, इंजिन महिन्यातून एकदा किक मारून चालू ठेवा.

सातरस्ता

आता डिस्कचं बोलत नाही. पण फिटरसाहेबांना जोड करू द्या. उभी गाडी मरते.

होटगीरोडकर

खूप विचार केला. मी "हात लावायचा नाही" म्हणालो होतो, ते मागे घेतो.

मिस्त्रीकाकांना मी काम करताना बघितलंय. एकदा त्यांनी आमच्या शेजाऱ्याच्या सायकलचा फोर्क जोडून दिला, संध्याकाळी स्वतःच घरी आले, म्हणाले मला तो जोड पटला नाही, आणि पुन्हा कापून नव्याने केला. पैसे घेतले नाहीत. तडा गेलेला जोड स्वतःचा आहे म्हणून जपून ठेवा, असं ते कधीच म्हणाले नसते. म्हणून जोड जाऊ दे. कोन तोच ठेवायचा, फोर्क तेच, मोर तोच, अर्ध्या पिसासकट. पितळ काढण्याआधी जोडाचे चारी बाजूंनी फोटो आणि मापं घेऊन ठेवतो. डिस्क नाही, पावडर कोटिंग नाही. बुलेट परत करायची नाही, हे भावालाही आता पटलंय. नोंदणीचा प्रश्न उरतोच, ते मला माहीत आहे. गाडी सध्या आमच्या आवाराच्या फाटकापर्यंतच जाईल.

रविवारी सकाळी नऊला टाकी उतरवून इंजिन काढतोय.

बुलेट_तेरा

माझं मत बदललेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. तरी रविवारी येतो. लोखंडी इंजिन आहे, दोघांना उचलवणार नाही. आणि टाकी फरशीवर टेकवू नका. खाली चादर अंथरा, दुहेरी घडी घालून.