चामड्याच्या कडा घासूनही चमकत नाहीत, मागचे टाकेही वाकडे येतात

वैदेही_ठाणे

नमस्कार मंडळी. शिवणकाम, भरतकाम लहानपणापासून करते, पण चामडं हातात घेतलंय ते गेल्या दिवाळीनंतर. ऑनलाइन एक किट मागवलं. त्यात टाक्यांच्या खुणा पाडायचे दातेरी काटे, लाकडी हातोडा, आरी, मेण लावलेला दोरा, बोथट सुया आणि कडा घासायची लाकडी दांडी असं सगळं आहे. चामडं मात्र जवळच्या एका बॅग शिवणाऱ्यांकडून उरलेला तुकडा आणला. काळं, मऊ, साधारण दीड मिलिमीटर जाड. त्याचं डायरीचं कव्हर करतेय.

कडा पाणी लावून दांडीने हात भरून येईपर्यंत घासते, पण चमक येत नाही, उलट लव निघते. टाके पुढून छान तिरके दिसतात, मागून मात्र एक सरळ, एक तिरका. शिवाय आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. कामावरून आल्यावर रात्रीच वेळ मिळतो आणि तेव्हा ठोकाठोकी केली की खालच्या काकू वर येतात.

पुढे नवऱ्यासाठी कमरेचा पट्टा करायचाय. त्याला कसलं चामडं घेऊ, कुठून घेऊ आणि अजून कोणती हत्यारं लागतील?

टूलरूम_अंबरनाथ

वैदेहीताई, तुमचं घासणं बरोबर आहे, चामडंच दुसऱ्या जातीचं आहे. ब्लेडने तुकड्याची ताजी काप घ्या आणि उजेडात कापाचा मधला भाग बघा. काळ्या रंगाच्या आत राखाडी-निळसर पट्टी दिसली तर ते क्रोमियमच्या क्षारात कमावलेलं. बॅगा, जाकिटं, बुटांचे वरचे भाग बहुतेक ह्याचेच असतात. ते मऊ आणि लवचिक असतं, दाबलं की पुन्हा फुगून वर येतं. कड चकाकते ती तंतू दबून एकमेकांत बसतात म्हणून, आणि तसे ते बसतात सालीत कमावलेल्या चामड्याचे. बाभळीची साल, हिरडा अशांच्या अर्कात ते आठवडेच्या आठवडे मुरतं. त्याची काप आरपार तपकिरी दिसते. पाण्याचा थेंब टाकला की ते पितं आणि तेवढा भाग गडद होतो. अशी कड जराशी ओली करून जाड सुती कापडाने किंवा दांडीने घासली की बघता बघता गुळगुळीत होते.

हातातला तुकडा टाकू नका. क्रोमच्या कडेला एज पेंट लावतात. पातळ थर द्यायचा, वाळला की बारीक पॉलिश पेपर मारायचा, पुन्हा थर. नाहीतर कड आतल्या बाजूने सोलून पातळ करायची, दुमडायची आणि शिवायची. डायरीच्या कव्हरला दुमडलेली कडच शोभते, मी तेच करेन.

आता टाके. शिवणीच्या चौपट दोरा घ्या, दोन्ही टोकांना एकेक सुई. काट्याचं काम फक्त खुणेचं, भोक आरीने पाडायचं. आरीच्या पात्याचा छेद शंकरपाळ्यासारखा असतो. त्याचा कल खुणेच्या कलाशी जुळवायचा आणि आरी चामड्याला काटकोनात घुसवायची. ती थोडी जरी कलली तरी पुढचं भोक रेषेवर राहतं आणि मागचं सरकतं. मग सुया. प्रत्येक भोकात आधी डावी, ती पुरती ओढून घ्यायची, त्यानंतर उजवी. उजवी दर वेळी आधीच्या दोऱ्याच्या एकाच अंगाने गेली पाहिजे. खालून तर शेवटपर्यंत खालून. ‘एक सरळ, एक तिरका’ हे तुमचं वर्णन वाचून मला वाटतं, उजवी सुई कधी वरून, कधी खालून जातेय. दोन्ही दोरे सारख्या जोराने ओढा, आणि सुईचं टोक आधीच्या दोऱ्यात घुसू देऊ नका.

यातच काकूंचा प्रश्नही सुटतो. काटा नुसता हाताने दाबून खूण करा, भोक आरीने पाडा, आवाजच नाही. ठोकायचंच असेल तर ओट्याचा उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा घ्या, खाली रबराची चटई टाका आणि तो टेबलाच्या बरोबर पायावर ठेवा. मध्यावर ठोकलं की सगळं टेबल घुमतं.

हत्यारांत सध्या काही वाढवू नका. पैसे चामड्यावर घाला आणि जीव धारेवर. बोथट पात्याने कापलेली कड कितीही घासा, सुधारत नाही. चामड्याचीच एक पट्टी फळीवर चिकटवा, खरखरीत बाजू वर ठेवून. तिच्यावर धातूला पॉलिश करायचा हिरवा साबण चोळा आणि काम सुरू करण्याआधी पातं तिच्यावर उलटं ओढा, म्हणजे धार मागे ठेवून.

आणि एक मनातलं सांगतो. कड सोलायला शिकायचं असेल तर व्हिडिओ बघण्याआधी रस्त्याच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या चर्मकारांकडे जा. आमच्या स्टेशनबाहेर जे दादा बसतात ते रापी, म्हणजे चामडं कापायचं-सोलायचं पातं, चालवतात तेव्हा बघत राहावं. चामडं दगडी फरशीवर पसरलेलं, डाव्या हाताची बोटं कडेलगत दाबलेली, रापी जवळजवळ आडवी, आणि एका ओढीत साल निघते ती इतकी पातळ की पलीकडचा उजेड दिसतो. मधूनच त्याच फरशीवर दोनदा घासून रापीला धार. मी पट्टा दुरुस्तीला घेऊन गेलो आणि तिथेच बसायला लागलो. शिकवणीचे पैसे दिले, तुम्हीही ठरवून द्या. छंद म्हणून आपण परदेशी सुऱ्यांवर हजारो रुपये घालतो आणि ज्यांच्या हातात पिढ्यांची विद्या आहे त्यांच्याशी एका टाक्याच्या दहा रुपयांवरून घासाघीस करतो, याचा मला मनापासून राग येतो.

चामड्यासाठी ठाण्याहून धारावी गाठा. कामाच्या दिवशी, दुपारच्या आत. चामडं चौरस फुटावर मिळतं, कातरण किलोवर. कातरणीची पिशवी जरूर घ्या, सरावाला तिच्यासारखं काही नाही. दुकानात ‘पट्ट्यासाठी, सालीत कमावलेलं, म्हशीचं, साडेतीन मिलिमीटर’ असं स्पष्ट सांगा आणि काप स्वतः बघा.

रंकाळ्याकाठी

वरचा प्रतिसाद नीट जपून ठेवा ताई, लाखमोलाचा आहे. माझं आजोळ चपला करणाऱ्यांचं, म्हणून दोन गोष्टींची भर घालतो.

म्हशीचं कातडं सगळीकडे सारखं नसतं. पाठीचा भाग घट्ट, पोटाचा सैल. पट्टा कायम कण्याला समांतर, पाठीतून कापायचा. पोटाकडची पट्टी चार महिन्यांत ताणून लांब होते आणि भोकं अंड्यासारखी होतात. दुकानदार स्वस्तात देतोय म्हणून पोटाचा भाग घेऊ नका. दोन्ही हातांनी ओढून बघितलं की लगेच कळतं.

दुसरं, कोल्हापुरीच्या तळाचं चामडं पट्ट्याला चालेल का, असं बरेच जण विचारतात. नाही चालत. ते चुन्यात केस काढून, बाभूळ-हिरड्यात कमावून मुद्दाम ताठ ठेवलेलं असतं. चपलेला ते पायाखाली वळण घेतं, कमरेला मात्र टोचत राहतं. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही एकट्या कोल्हापूरला नाही. आमच्याबरोबर सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. कधी इकडे आलात तर चप्पल लाइनीत नुसती खरेदी करून परतू नका. कुणाला तरी वेणी घालताना, कान (पट्टा तळाला धरून ठेवणाऱ्या बाजूच्या पाकळ्या) बसवताना बघा. खिळा न मारता सगळी चप्पल कशी उभी राहते ते कळतं.

हिरडा_आणि_हिराकस

रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे एक सूचना करायचा मोह आवरत नाही. सालीतलं चामडं आणलंत की ओल्या चामड्याजवळ लोखंड येऊ देऊ नका. पात्याचा कीस, गंजकी पट्टी, टाचणी, काहीही. सालीतलं टॅनिन आणि लोखंड भेटले की निळा-काळा डाग पडतो आणि तो पुसून जात नाही. जुन्या काळी हिरडा आणि हिराकशीची (हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार) शाई व्हायची, ती याच क्रियेने. कलमकारीतला काळा रंगही असाच येतो, हिरड्यात भिजवलेल्या कापडावर लोखंड आणि गुळाचं आंबवलेलं पाणी.

मुद्दाम काळा पट्टा हवा असेल तर मात्र ह्याचाच उपयोग करा. तेल धुऊन काढलेला लोखंडी काथ्या (स्टील वूल) काचेच्या बरणीत व्हिनेगरमध्ये घाला, झाकण सैल ठेवा म्हणजे आत वायू कोंडणार नाही. काही दिवसांनी गाळून घ्या आणि चामड्यावर कापडाने फिरवा. डोळ्यांसमोर काळं होतं. नंतर खाण्याच्या सोड्याचं पातळ पाणी फिरवून आम्ल मारायचं, सावलीत वाळवायचं आणि तेलाचा हात द्यायचा. हा काळा रंग वरून बसवलेला नसतो, त्यामुळे कपड्यांना सहसा लागत नाही. तुमच्या क्रोमच्या तुकड्यावर हे जमणार नाही, त्यात टॅनिन नाही.

वैदेही_ठाणे

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! काप घेऊन बघितली, आत स्वच्छ निळसर पट्टी आहे. उजवी सुई एकाच अंगाने नेऊन कातरणीवर एक वीतभर शिवण घातली आणि मागची ओळ चक्क पुढच्यासारखी आली. कव्हरच्या कडा आता दुमडूनच करते.

दोनच शंका उरल्यात. पट्ट्याचं माप कसं घेऊ? आणि आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या बुटांवरसुद्धा पांढरी बुरशी येते, तर हे चामडं कसं ठेवू?

टूलरूम_अंबरनाथ

वा, वीतभर शिवण जमली म्हणजे पट्टा जमलाच.

कंबर मोजू नका, पँटच्या मापावरही जाऊ नका. त्यांचा रोजचा पट्टा सपाट ठेवा आणि बक्कलच्या दुमडीपासून ते जे भोक वापरतात तिथपर्यंत मोजा. ते तुमचं मधलं भोक. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, अडीच सेंटिमीटर अंतराने. बक्कलकडे दुमडायला सात-आठ सेंटिमीटर वेगळे धरा आणि तेवढाच भाग आतून सोलून निम्म्या जाडीचा करा, नाहीतर दुमड फुगते. रुंदी ठरवण्याआधी बक्कल विकत घ्या. त्याची आतली रुंदी जितकी, त्यापेक्षा पट्टा केसभर कमी.

पावसाळ्यात चामडं प्लॅस्टिकमध्ये बांधू नका, आत दमट हवा कोंडते आणि बुरशीला तेच हवं असतं. गुंडाळी करून जुन्या सुती साडीत ठेवा, माळ्यावर नको, हवा खेळेल अशा फळीवर. आठवड्यातून एकदा उलगडून कोरड्या फडक्याने पुसा. पांढरं दिसलंच तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, फडकं घट्ट पिळून पुसा आणि पंख्याखाली वाळू द्या. उन्हात ठेवलं तर कडक होऊन भेगा पडतात.

धारावीला जाणार असाल तर आदल्या दिवशी इथे लिहा. त्या आठवड्यात मलाही अस्तरासाठी शेळीचं चामडं आणायचंय, काप बघायला बरोबर येतो.